एकच दाखवा, पण असा दाखवा की नजर हटणार नाही!

लोगो तयार झाला, नोड जुळले, रंग भरले. काम झालं? अर्धंच झालं. उरलेलं अर्धं काम म्हणजे तो लोगो समोरच्याला दाखवणं. व्हॉट्सअॅपवर 'सर, बघा' असं लिहून एक जेपीजी टाकली की चांगला लोगोही नापास होऊ शकतो. तोच लोगो कोरल ड्रॉ, इलस्ट्रेटर किंवा इंकस्केपमध्ये नीट पानं रचून दाखवला, तर ग्राहकाला तो आपल्या दुकानाच्या पाटीवर दिसू लागतो. लोगो सादर करण्याच्या याच कलेतल्या काही भन्नाट गोष्टी, आणि प्रत्येकीतून आपल्याला उचलण्यासारखं काहीतरी.

१. एक लाख डॉलर, पर्याय एकच

१९८६ साली स्टीव्ह जॉब्जना 'नेक्स्ट' या नव्या कंपनीसाठी लोगो हवा होता. ते गेले आयबीएमचा लोगो करणाऱ्या पॉल रँडकडे. जॉब्जनी विचारलं, दोन-चार पर्याय दाखवाल का? रँडनी साफ नकार दिला. प्रश्न मी सोडवीन, उत्तर वापरायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पैसे मात्र द्यावे लागतील, अशी त्यांची अट. मोबदला होता एक लाख डॉलर!

रँडनी नुसता लोगो पाठवला नाही, चक्क एक पुस्तिका केली. आधी साध्या टायपात कंपनीचं नाव. मग सगळी अक्षरं कॅपिटल ठेवली तर काय अडचण येते, हे दाखवणारी पानं. मग मधलं 'ई' लहान लिपीत का घेतलं, याचं कारण. आणि शेवटी २८ अंशांत कललेला काळा ठोकळा. वाचणारा पान उलटत जातो आणि लोगोपर्यंत पोचतो तेव्हा 'हाच हवा' असं त्याला स्वतःलाच वाटू लागतं.

आपण काय करायचं: पहिल्या आर्टबोर्डवर फक्त लोगो. मधोमध, भोवती भरपूर मोकळी जागा. टॅगलाइन, फोन नंबर, सावली, चमक यातलं काहीही नको. आठ पर्याय एकाच पानावर मांडले की ग्राहक निवड करत नाही, 'याचं डोकं आणि त्याचे पाय जोडा' म्हणतो.

२. लोगोसाठी सिनेमा

१९६९ साली डिझायनर सॉल बास यांनी अमेरिकेच्या बेल टेलिफोन कंपनीपुढे नवा लोगो मांडला, तो अर्ध्या तासाच्या फिल्ममधून! वर्तुळातली ती साधी घंटा गाड्यांवर कशी दिसेल, फोन बूथवर कशी दिसेल, कर्मचाऱ्यांच्या पोशाखावर कशी शोभेल, हे सगळं पडद्यावर. आज आपण ज्याला मॉकअप म्हणतो, तेच काम बास यांनी कॅमेऱ्यानं केलं.

मॉकअप मात्र ग्राहकाच्या जगातला हवा. कोल्हापूरच्या दूध डेअरीचा लोगो परदेशी कॉफीच्या कपावर दाखवून काय उपयोग? तो दुधाच्या पिशवीवर दाखवा, टेम्पोच्या दारावर दाखवा, बिलबुकाच्या डोक्यावर दाखवा.

युक्ती: मॉकअपमध्ये लोगो कॉपी-पेस्ट करत बसू नका. इलस्ट्रेटर आणि कोरलमध्ये त्याचा 'सिम्बॉल' करा, इंकस्केपमध्ये 'क्लोन'. मूळ लोगोत एक रेघ बदलली की पिशवीपासून टेम्पोपर्यंत सगळीकडे आपोआप बदलते.

३. सॉफ्टवेअरच्या डब्यात व्हिडिओ कॅसेट

१९८७ साली अॅडोबी इलस्ट्रेटर बाजारात आलं, तेव्हा डब्यात फ्लॉपीबरोबर व्हीएचएस कॅसेटही होती. त्यात कंपनीचे सहसंस्थापक जॉन वॉर्नॉक स्वतः सॉफ्टवेअर चालवून दाखवत होते. पेन टूल तेव्हा लोकांना इतकं नवं होतं की नुसतं वर्णन पुरेसं पडलं नसतं. आपणही तेच करायचं: नवी गोष्ट नुसती सांगू नका, करून दाखवा.

४. आधी काळा, मग रंगीत

डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संस्थेचा पांडा १९६१ सालचा. काळा-पांढरा प्राणी निवडण्यामागे छपाईचा खर्च वाचवणं हेही एक कारण होतं. याचा फायदा असा, की हा लोगो रंगाच्या आधाराशिवाय उभा राहतो.

आपल्याकडे लोगोला काय काय सोसावं लागतं ते आठवा. रबरी शिक्का, झेरॉक्स, एकरंगी पावतीपुस्तक, वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात. म्हणून पहिल्या पानावरचा लोगो काळाच, दुसरं पान काळ्यावर पांढऱ्याचं. रंग त्यानंतर. आधीच रंग दाखवला तर सगळी चर्चा 'निळा जरा गडद करा' इथेच अडकते आणि आकाराकडे कुणी बघतच नाही.

५. पांढरा नेहमी जाड दिसतो!

काळ्या पार्श्वभूमीवरचा पांढरा आकार आपल्या डोळ्यांना असतो त्यापेक्षा मोठा वाटतो. गॅलिलिओलाही आकाशातले तेजस्वी ग्रह बघताना हा परिणाम जाणवला होता. म्हणून उलट्या रंगातल्या लोगोच्या रेघा किंचित बारीक कराव्या लागतात. इलस्ट्रेटरमध्ये ऑफसेट पाथला उणे आकडा द्या, कोरलमध्ये कंटूर आतल्या बाजूला घ्या. अगदी केसभर. मापानं दोन लोगो वेगळे होतात, पण डोळ्यांना सारखे दिसतात, आणि आपलं काम शेवटी डोळ्यांसाठीच आहे.

६. तुमचं वर्तुळ वर्तुळ नाहीच

इलस्ट्रेटरमध्ये इलिप्स टूलनं काढलेला गोल चार अँकर पॉइंटवर उभा असतो. मधल्या चार रेषा म्हणजे बेझिए वक्र. पिएर बेझिए रेनो मोटार कंपनीत अभियंते होते. त्यांच्याही आधी, १९५९ साली, सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी हेच गणित मांडलं होतं, पण कंपनीनं ते गुपित ठेवलं. मोटारीचे पत्रे वळवण्यासाठी शोधलेलं हे गणित आज प्रत्येक लोगोत आहे.

गंमत अशी, की या वक्रांनी शंभर टक्के अचूक वर्तुळ काढताच येत नाही. चूक किती? त्रिज्येच्या सुमारे ०.०२७ टक्के. एक किलोमीटर त्रिज्येचा गोल काढलात, तर कडा फार तर २७ सेंटीमीटर चुकेल. म्हणजे व्हिजिटिंग कार्डाची काळजी नको.

पण धडा मोठा आहे. चार पॉइंटांत जे होतं त्यासाठी चाळीस वापरू नका. स्केच ट्रेस करून केलेल्या लोगोत नोडांची गर्दी असते आणि मोठ्या फ्लेक्सवर प्रत्येक नोड खड्ड्यासारखा दिसतो. सादर करण्याआधी इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-वाय दाबा, म्हणजे रंग निघून नुसती बाह्यरेषा दिसते. कोरलमध्ये हाच वायरफ्रेम व्ह्यू. जे खटकेल ते तिथेच साफ करा.

७. ए-मधली रेघ कुठे गेली?

नासाचा लाल, वळणदार अक्षरांचा लोगो 'वर्म' या लाडक्या नावानं ओळखला जातो. डॅन अँड ब्लॅकबर्न या संस्थेनं तो केला. सादरीकरणात नासाचे प्रमुख जेम्स फ्लेचर अस्वस्थ होते. दोन्ही 'ए' अक्षरांत आडवी रेघच नाही, काहीतरी राहून गेलंय, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे सहकारी जॉर्ज लो यांना त्यात काही खटकत नव्हतं. फ्लेचरना मात्र वाटत होतं की दिलेल्या पैशाचा पुरेपूर मोबदला मिळत नाहीये!

शेवटी १९७५ साली तो लोगो आला, १९९२ साली काढून टाकला गेला आणि २०२० साली फाल्कन ९ रॉकेटवर दिमाखात परतला. रेघेविनाच.

ग्राहकाची नजर आधी जे नाही तिथेच जाते, हे धरून चाला. तुम्ही काही मुद्दाम वगळलं असेल तर त्याचं एक पान करा: डावीकडे रेघेसह, उजवीकडे रेघेविना. वाद घालावा लागत नाही, डोळे निवाडा करतात.

८. २५६ ठिपके ते २० फूट

ब्राउझरच्या टॅबवर दिसणारं चिन्ह साधारण १६ बाय १६ पिक्सेलचं, म्हणजे फक्त २५६ ठिपके. चौकातला फ्लेक्स २० फुटांचा. एकाच लोगोला दोन्हीकडे जगायचं असतं. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या शेखर कामत यांनी १९७१ साली केलेला स्टेट बँकेचा लोगो बघा. एक गोल, एक छोटं वर्तुळ, एक खाच. पासबुकावर असो वा इमारतीवर, लांबूनही ओळखू येतो.

म्हणून एक पान फक्त मापांचं ठेवा. तोच लोगो १०० मिलिमीटर, ५०, २५, १० आणि ५. जिथे बारीक रेघा बुजतात तिथे सुटसुटीत छोटी आवृत्ती द्या.

आणखी एक मजा: इलस्ट्रेटरचा नेहमीचा कॅनव्हास सुमारे २२७ इंचांचा, म्हणजे १९ फुटांहून कमी. २० फुटी फ्लेक्स खऱ्या मापात त्यात मावतच नाही. १:१० प्रमाणात करा आणि फाइलवर तसं ठळक लिहा.

९. भगवा स्क्रीनवर पेटतो, कागदावर विझतो

स्क्रीन प्रकाशातून रंग दाखवते, छपाई शाईतून. झगझगीत भगवा आणि पोपटी हे दोन रंग चार शाईंच्या छपाईत हमखास मंदावतात. म्हणून १९६३ साली पँटोननं आधीच मिसळलेल्या शाईंची क्रमांकवार पद्धत आणली. नंबर सांगा, जगात कुठेही तोच रंग. रंगाच्या पानावर सीएमवायके, आरजीबी आणि जमलं तर पँटोन, तिन्ही आकडे लिहा. आणि भगवा स्क्रीनवर मंजूर करून घेऊ नका, छापील नमुना हातात द्या.

१०. मराठी लोगो? कर्व्ह केल्याशिवाय हलू नका

डीटीपीच्या धंद्यातलं हे पहिलं वाक्य: 'कर्व्ह करून पाठवा.' श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेलं सुंदर मराठी नाव, तो फाँट नसलेल्या मशीनवर उघडलं की रोमन चिन्हांची खिचडी होते. युनिकोड फाँटही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये रफार आणि ऱ्हस्व इकार भलतीकडे नेऊन ठेवतो. उपाय सोपा. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ. टाइप केलेली मूळ प्रत मात्र वेगळी जपा, उद्या नावात बदल होऊ शकतो.

पण देवनागरीत गोष्ट इथे संपत नाही. कर्व्ह केल्यावर प्रत्येक अक्षर सुटा आकार होतो आणि शिरोरेषेचे तुकडे एकमेकांवर चढलेले राहतात. स्क्रीनवर रेघ अखंड दिसते, म्हणून कुणाला कळत नाही. रेडियम कटिंगवाल्याकडे फाइल गेली की यंत्राचं पातं प्रत्येक जोडावर आडवा काप घेतं आणि शिरोरेषेचे तुकडे सुटतात. बाहेरून आउटलाइन दिली तरी सांध्यांवर रेघा उमटतात. म्हणून कर्व्हनंतर कोरलमध्ये 'वेल्ड', इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं 'युनाइट'. सगळं नाव एकसंध होऊ द्या, मगच दाखवा.

११. थोडं सांगा, थोडं सापडू द्या

फेडेक्सच्या 'ई' आणि 'एक्स' यांच्यामध्ये लपलेला बाण तुम्हाला माहीत असेल. १९९४ साली लिंडन लीडर यांच्या चमूनं तो लोगो सादर केला, तेव्हा बाणाकडे बोट दाखवलं नाही. कंपनीचे प्रमुख फ्रेड स्मिथ यांना तो स्वतःच दिसला! स्वतः शोधलेली गोष्ट माणूस सहसा नाकारत नाही.

आपल्या रुपयाच्या चिन्हाचंही बघा. ते केलं डी. उदय कुमार यांनी, आयआयटी मुंबईत डिझाइनचं संशोधन करताना. तीन हजारांहून जास्त प्रवेशिकांमधून निवडलेल्या या चिन्हाला १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं मान्यता दिली. त्याची कल्पना एका वाक्यात सांगता येते: देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा मेळ, वर शिरोरेषा. तुमच्या लोगोची कल्पनाही एका वाक्यात बसली पाहिजे. ते वाक्य पानावर लिहा आणि बाकीचं बघणाऱ्यावर सोडा.

१२. नोटपॅडमध्ये उघडणारं चित्र

एसव्हीजी फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. चित्राऐवजी चक्क मजकूर दिसेल: कुठून रेघ निघाली, कुठे वळली, कोणता रंग. ४ सप्टेंबर २००१ पासून हे वेबचं अधिकृत मानक आहे, आणि मोफत मिळणारं इंकस्केप त्यावरच चालतं. इंकस्केपच्या १.२ आवृत्तीपासून एका फाइलमध्ये अनेक पानंही करता येतात. म्हणजे महागडं सॉफ्टवेअर नसलेल्या विद्यार्थ्यालाही झकास सादरीकरण करता येतं.

लोगो मंजूर झाल्यावर ग्राहकाला पूर्ण संच द्या. मूळ ओपन फाइल, पीडीएफ, एसव्हीजी आणि पारदर्शक पीएनजी. पैसे चुकते झाल्यावर ओपन फाइल अडवून ठेवणं बरोबर नाही. ज्याची पाटी, त्याचं चिन्ह.

जाता जाता, पानांचा क्रम

१) फक्त लोगो, काळा. २) काळ्यावर पांढरा. ३) रंग आणि त्यांचे आकडे. ४) लहान-मोठी मापं. ५) ग्राहकाच्या जगातले दोन-तीन मॉकअप. ६) कल्पनेचं एक वाक्य. सहा आर्टबोर्ड, एक पीडीएफ. आणि ती नुसती पाठवून देऊ नका. समोर बसा, एकेक पान उलटा आणि पहिल्या पानावर स्वतः काहीही बोलू नका. पहिलं बोलणं लोगोचं असू द्या!