शून्य लिहिलं म्हणजे शून्य असतं का?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी लिहिताना पेन जरा अडखळतं. सांभाळून घ्या!

मागच्या सुट्टीत चाकणच्या एका कंपनीत इन-प्लांट ट्रेनिंग केलं. लाईनवरच्या रिजेक्शनच्या तक्त्यावर एक दिवस चक्क 'शून्य'! मी म्हटलं, "काका, मस्तच!" सुपरवायझर काका हसले, "अरे बाबा, आज गेजच कॅलिब्रेशनला गेलंय. तपासलंच नाही, तर शून्यच येणार ना!"

हे वाक्य डोक्यात राहिलं, कारण माझा रूम पार्टनर. तोंडी परीक्षेत सरांना गप्प करणारा हा मुलगा लेखी पेपरात मात्र आपटतो. डिस्लेक्सिया आहे हे कळलं एफ.ई.ला. शाळेत दहा वर्षं 'आळशी' हेच निदान! शाळेच्या कुठल्याच कागदावर त्याची नोंद नव्हती.

आता ही नोंद कुठे होते ते बघू. प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस कोड असतो. त्या कोडखाली शाळा दरवर्षी माहिती भरते : वर्ग किती, रॅम्प आहे का, त्याला कठडा आहे का, दिव्यांग मुलांना वापरता येईल असं टॉयलेट आहे का. २०२२-२३ पासून तर एकेका विद्यार्थ्याची माहिती वेगळी भरावी लागते. त्यात दिव्यांगत्वाचाही रकाना आहे. तिथे 'नाही' लिहिलं, की सरकारच्या लेखी तो मुलगा नाहीच. मग त्याच्यासाठी विशेष शिक्षक कोण मागणार?

कायदा काय म्हणतो? १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात २१ झाले, त्यात डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमताही आल्या. कलम १६ प्रमाणे अनुदान किंवा मान्यता असलेल्या संस्थांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, गरजेप्रमाणे सोयी करायच्या, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखायची आणि प्रत्येक मुलाच्या प्रगतीवर लक्ष ठेवायचं. म्हणजे ओळखणं ही मेहेरबानी नाही, काम आहे. कायदा मोडला तर पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर ५०,००० ते ५ लाख.

पण नोंद असूनही चूक झाली तर? २०२१ च्या नीट परीक्षेत डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला एक तास जादा मिळायला हवा होता. केंद्रावर तो दिलाच नाही. मुंबई उच्च न्यायालयात दाद लागली नाही, म्हणून ती सर्वोच्च न्यायालयात गेली. २३ नोव्हेंबर २०२१ ला निकाल लागला. फेरपरीक्षा मिळाली नाही, पण हा अन्याय कसा दूर करणार ते आठवड्याभरात ठरवा, असं न्यायालयाने एनटीएला सांगितलं. केंद्रावरच्या लोकांना नियम शिकवणं हेही एनटीएचंच काम ठरलं. 'केंद्रावाल्यांना माहीत नव्हतं' ही सबब चालली नाही.

आता आपलं बघा. कॉलेजंही २०१०-११ पासून 'आयशे' नावाच्या सर्व्हेत अशीच माहिती भरतात. ती आपल्याच ऑफिसमधून जाते. पण सांगायचं कोणी? प्रमाणपत्रासाठी सरकारी हॉस्पिटलला खेपा घालायच्या, म्हणजे भोसरीत शिफ्ट करणाऱ्या वडिलांचा खाडा. वर 'लोक काय म्हणतील'! माझा पार्टनर अजून गेलेला नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं जाणार आहोत. प्रमाणपत्र मिळालं तर तीन तासांच्या पेपरला त्याला तासाला २० मिनिटं जादा मागता येतील.

शिक्षकांना आणि रेक्टर सरांना एकच विनंती. वारंवार नापास होणारा मुलगा दिसला, तर 'आळशी' म्हणण्याआधी एकदा गेज लावून बघा. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं ऑफिस पुण्यातच आहे, तक्रार तिथे करता येते. पण तिथवर जायची वेळ कोणावर येऊच नये, नाही का?