नळदुर्गाचे छायाचित्र आणि कॉपीलेफ्टविषयीचे गैरसमज

महाजालावर जे विनामूल्य वाचता येते ते कोणीही छापावे, असा समज सर्रास आढळतो. परंतु वाचण्याची मुभा आणि पुनर्मुद्रणाची परवानगी या कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत. राज्य शासनाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उस्मानाबाद जिल्हा गॅझेटियरचेच उदाहरण घेता येईल. शासकीय प्रकाशनावरील प्रताधिकार, म्हणजे प्रती काढण्याचा व वितरित करण्याचा हक्क, १९५७ च्या कायद्यानुसार प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे, अर्थात येथे २०३२ च्या अखेरपर्यंत टिकतो. लोकांच्या पैशातून सिद्ध झालेल्या ग्रंथाला शासनाने त्याआधीच मुक्त परवाना द्यावा, ही अपेक्षा रास्त आहे. गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश २०१३ मध्ये तसा खुला केलाच होता.

कॉपीलेफ्ट म्हणजे मालकी नसणे, हा दुसरा गैरसमज. तेरच्या संत गोरोबाकाकांच्या अभंगांवर कोणाचाच प्रताधिकार नाही. ते सार्वजनिक ठेवा आहेत, मात्र त्यांवरील आधुनिक टीकेवर टीकाकाराचा हक्क असतो. कॉपीलेफ्टमध्ये मालक असतोच, आणि तो आपल्या हक्काच्या बळावर सर्वांना अटींसह परवानगी देतो. उदाहरणार्थ, पावसाळ्यात नळदुर्ग किल्ल्याच्या पाणीमहालावरून बोरी नदीचे पाणी नर-मादी धबधब्यांच्या रूपाने कोसळते. किल्ला जुना असला तरी त्या दृश्याच्या नव्या छायाचित्रावर छायाचित्रकाराचा हक्क असतो. त्याने ते क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या ‘श्रेयनिर्देश व समान वितरण’ परवान्याखाली दिले, तर पर्यटन व्यावसायिकही ते दिनदर्शिकेवर छापून विकू शकतो, कारण हा परवाना कमाईला मज्जाव करीत नाही. त्याने छायाचित्रकाराचे नाव व परवान्याचा उल्लेख करावा, आणि चित्रात फेरफार करून नवी कृती घडवली असल्यास तीही त्याच परवान्याखाली द्यावी, ही मुख्य बंधने असतात. असे एक चित्र घेतल्याने संपूर्ण पुस्तक मुक्त करावे लागते, ही भीतीही निराधार आहे, कारण मजकुराशेजारी चित्र जसेच्या तसे छापणे म्हणजे त्याचे रूपांतर नव्हे.

अटी मोडल्यास परवाना आपोआप संपतो आणि पुढील वापर हा प्रताधिकाराचा भंग ठरतो; तथापि परवान्याच्या ४.० या आवृत्तीनुसार, भंग लक्षात आल्यापासून ३० दिवसांत तो दूर केल्यास परवाना पूर्ववत लागू होतो.