गद्दारीचा करारनामा

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी या देशातल्या फितुरीचा पाढाच वाचला होता. लाच खाऊन लढाईला नकार देणारे राजा दाहीरचे सेनापती, महंमद घोरीला बोलावणारा जयचंद, शिवाजी महाराज लढत असताना मोगलांच्या बाजूने उभे राहिलेले मराठे सरदार, शीख सत्ता बुडत असताना स्वस्थ बसलेला गुलाबसिंग. आपल्याच माणसांच्या विश्वासघाताने देशाने एकदा स्वातंत्र्य गमावले, ते पुन्हा गमावणार काय, हा त्यांचा सवाल होता.

याच पंक्तीतले प्लासीचे प्रकरण वकिलाच्या नजरेने तपासण्यासारखे आहे. कारण तिथली गद्दारी चक्क कागदावर लिहिलेली आहे.

जून १७५७ मध्ये, लढाईच्या आधीच, नवाब सिराज उद्दौलाचा सरदार मीर जाफर याने ईस्ट इंडिया कंपनीशी गुप्त करार केला. त्याला नवाबी, कंपनीला १ कोटी रुपये, कलकत्त्याच्या इंग्रज रहिवाशांना ५० लाख. मध्यस्थ व्यापारी अमीचंदने वाटा मागितला, नाहीतर कट फोडीन म्हणाला. क्लाइव्हने दोन करारनामे केले. पांढऱ्या कागदावर खरा, लाल कागदावर खोटा. अमीचंदचा वाटा फक्त लाल कागदात! ॲडमिरल वॉटसनने खोट्या कागदावर सही करायला नकार दिला, तेव्हा त्याची सही दुसऱ्याच्या हाताने करवून घेतली. २३ जूनला मीर जाफरची फौज रणांगणावर नुसती बघत उभी राहिली. नवाब हरला.

पुढे काय झाले? अमीचंदच्या हाती धुपाटणे आले. मीर जाफरला १७६० मध्ये गादीवरून उतरवले, १७६३ मध्ये पुन्हा बसवले. १७६५ मध्ये तो मेला आणि त्याच वर्षी बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी कंपनीने घेतली. आज त्याचे नाव ही शिवी आहे. क्लाइव्ह मात्र सुमारे २ लाख ३४ हजार पौंड घेऊन लॉर्ड झाला. १७७३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने त्याच्या देशसेवेचा गौरव केला. दोनच वर्षांनी, १७७५ मध्ये, वॉरन हेस्टिंग्जवर लाचखोरीचा आरोप करणाऱ्या नंदकुमारला कलकत्त्यात फासावर चढवले. गुन्हा कोणता? खोटा दस्तऐवज करणे!

विकल्या गेलेल्या माणसाला आपण अडीचशे वर्षे शिव्या देतो, विकत घेणारा मात्र नामानिराळा राहतो. खरेदीदार आहे तोवर बाजारात माल येतच राहणार.

समाजबांधवांनो, आपल्याकडेही गट फुटला की दुसऱ्याच दिवशी 'गद्दार' हा शिक्का मारला जातो. मतभेद ही गद्दारी नव्हे. गद्दारीला गुप्त सौदा लागतो, ठरलेली किंमत लागते आणि ऐन वेळी फिरवलेली पाठ लागते. हे सिद्ध झाल्याशिवाय कुणावर शिक्का मारू नये, आणि सिद्ध झाले तर नातेगोते पाहू नये.

म्हणून निवडणुकीत युती होते तेव्हा नेत्यांना एकच गोष्ट विचारा: अटी काय ठरल्या? त्या लेखी घ्या आणि भरसभेत वाचायला लावा. ज्याला त्या वाचून दाखवता येत नाहीत, त्याच्या खिशात दुसरा कागद आहे असे समजा.