बाहुलीनाट्याला अनुदान मिळवताना

यशवंत पाध्ये यांच्या अर्धवटरावाला रामदास पाध्ये यांनी घराघरांत नेले. कुडाळजवळच्या पिंगुळीत कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. कौतुकाची वानवा नाही. मात्र बोरिवली वा मुलुंडमधल्या एखाद्या संस्थेने नवे बाहुलीनाट्य करायचे ठरवले, की पहिला प्रश्न पैशांचाच उभा राहतो. तिकीटविक्रीवर भिस्त ठेवता येत नाही. हातभर उंचीची बाहुली कालिदास किंवा प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून दिसणार कशी? प्रेक्षक मोजकेच बसवावे लागतात आणि बाहुल्या घडवण्याचा खर्च तर तालमींच्या आधीच सुरू होतो.

केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या कार्यक्रम व निर्मिती अनुदान योजनेत नाट्यनिर्मितीचा समावेश आहे. संस्था नोंदणीकृत आणि किमान तीन वर्षे कार्यरत हवी. अनुदानाची मर्यादा सर्वसाधारणपणे ५ लाख, अपवादात्मक प्रकरणी २० लाख रुपये. खरी मेख पुढे आहे. अनुदान एकूण खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंतच मिळते आणि मंजूर रकमेचाही पाऊण हिस्साच आधी हाती येतो. समजा, प्रयोगाचा खर्च ४ लाख आहे. जास्तीत जास्त ३ लाख मंजूर होतील, त्यातले सव्वादोन लाख आधी मिळतील. उरलेले ७५ हजार सनदी लेखापालाने प्रमाणित केलेला हिशेब सादर झाल्यावर! म्हणजे पडदा उघडण्यापूर्वी पावणेदोन लाखांची तजवीज स्वतःच करायची. छोट्या संस्था अडखळतात त्या इथेच.

संस्था नसलेल्या कलावंताने बंगळुरूच्या 'इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स'कडे पाहावे. तेथे व्यक्तीही अर्ज करू शकते, तोही मराठीत. अमेरिकेतील जिम हेन्सन फाउंडेशन १९८२ पासून केवळ बाहुलीनाट्याला वाहिलेले आहे, पण त्याचे अनुदान तिथल्याच कलावंतांसाठी. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून कलेला साह्य करण्याची मुभा २०१३ च्या कंपनी कायद्याने दिली आहे. फक्त बाहुलीच्या तोंडी कंपनीची जाहिरात येणार नाही, हे आधीच ठरवून घेतलेले बरे.

प्रस्तावात 'समाजप्रबोधन' हा शब्द दहादा लिहिण्यापेक्षा गोष्ट कोणती, ती माणसांऐवजी बाहुल्यांनीच का सांगायची, हे एका परिच्छेदात मांडावे. संहितेसोबत एखाद्या बाहुलीचे रेखाटन आणि दोन मिनिटांचे चित्रण जोडावे. अंदाजपत्रकात लाकूड, स्पंज, कापड, ध्वनिमुद्रण यांबरोबर टेम्पोभाडे आणि दुरुस्तीही धरावी. बाहुल्या दहाव्या प्रयोगापर्यंत झिजतातच.