गाडीत घोंगडी आहे का?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात 7 फेब्रुवारी 2009 रोजी लागलेल्या वणव्यांत 173 माणसं गेली. काही जण गाडीतून निघाले होते, पण उशिरा. म्हणून तिथे आता सांगतात, मोठ्या धोक्याचा इशारा आला की आदल्या रात्री नाहीतर भल्या सकाळीच निघा. टाकी भरलेली असू द्या, पाणी घ्या आणि लोकरीचं ब्लँकेट घ्या. म्हणजे आपली घोंगडीच की! लोकर पटकन पेटत नाही. नायलॉनची साडी मात्र वितळून अंगाला चिकटते.

आपल्याकडेही उन्हाळ्यात डोंगर पेटतात. वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका, तापलेल्या सायलेन्सरनेही ठिणगी पडते.

आगीत सापडलातच, तर गवत नसलेल्या जागी गाडी थांबवा. दिवे चालू, काचा बंद. खिडकीच्या खाली आडव्या व्हा, पोरांना घोंगडीखाली घ्या. आग पुढे सरकेपर्यंत उतरू नका; पळणाऱ्याला ज्वाळेआधी धग गाठते.

हे झालं चारचाकीचं. स्कूटीवर आडोसाच नाही, तेव्हा पुढे धूर दिसला की सरळ मागे वळा.