डोळ्यांभोवतीची नाजूक त्वचा : लावण्यापेक्षा टाळणे महत्त्वाचे

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकच्या विजयपूर जिल्ह्याला लागून असलेला जत तालुका पर्जन्यछायेत येतो. कृष्णाकाठचा हिरवा पट्टा सोडून कवठेमहांकाळमार्गे जतच्या माळावर पोहोचणाऱ्या प्रवाशाला हवेतील फरक सर्वप्रथम डोळ्यांजवळ जाणवतो. उन्हाळ्याची चाहूल लागताच कोरडा वारा सुटतो, धूळ उडते, उन्हाने डोळे बारीक होतात आणि हात नकळत डोळे चोळू लागतो. माळावर मेंढरे राखणारा मेंढपाळ पटक्याच्या सावलीत डोळे ठेवतो, तर शेतात खुरपणाऱ्या स्त्रिया पदर कपाळापुढे ओढून घेतात. ही निव्वळ रीत नव्हे. डोळ्यांभोवतीच्या त्वचेसाठी याहून स्वस्त आणि याहून गुणकारी उपाय क्वचितच सापडेल.

शहरातील चित्र वेगळे आहे. तेथे डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि कोपऱ्यातील बारीक सुरकुत्या दिसू लागल्या, की पहिली धाव क्रीमच्या डबीकडे असते. जाहिरातींचा मारा, मैत्रिणींचे सल्ले आणि औषधाच्या दुकानात सहज मागितलेले मलम यांतून या भागावर काही ना काही सतत लावले जाते. मात्र गाव असो वा शहर, शरीराच्या या कोपऱ्याचा नियम एकच आहे. येथे काय लावावे यापेक्षा काय लावू नये, हे कळणे अधिक महत्त्वाचे ठरते.

अर्ध्या मिलिमीटरचे आवरण

पापणीची त्वचा ही मानवी शरीरावरील सर्वांत पातळ त्वचा होय. तिची जाडी साधारणतः अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. गालाची वा कपाळाची त्वचा तिच्या कित्येक पट जाड असते. या भागात त्वचेखाली चरबीचा थर जवळजवळ नसतो आणि त्वचेला स्निग्ध ठेवणाऱ्या तेलग्रंथीही कमी असतात. त्यामुळे ही त्वचा लवकर कोरडी पडते. तिच्या लगेच खाली डोळा मिटणारा गोलाकार स्नायू असतो. मिनिटाला पंधरा ते वीस वेळा पापणी लवते, म्हणजेच ही त्वचा दिवसभरात हजारो वेळा दुमडते आणि उलगडते. चेहऱ्यावरील वयाच्या पहिल्या खुणा येथे उमटतात, त्याचे कारण हेच.

पातळपणाचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन हे औषध शरीराच्या निरनिराळ्या भागांतून किती प्रमाणात शोषले जाते, याचे मोजमाप केले. हाताच्या पुढील भागातून जेवढे औषध आत जाते, त्याच्या सुमारे सहापट ते कपाळातून आणि तेरापट जबड्याच्या कोनाजवळील त्वचेतून जाते, असे त्यांना आढळले. पापणीची त्वचा तर कपाळाहून कितीतरी पातळ. तिच्यावर लावलेले, उडालेले वा बोटाने लागलेले जे काही असेल, ते आत शिरण्यास फारसा अडथळा नसतो.

गाजर गवताचा धडा

ही बाब महाराष्ट्राला एका तणाने शिकविली. गाजर गवत किंवा काँग्रेस गवत या नावाने ओळखले जाणारे पार्थेनियम १९५० च्या दशकात पुण्यात आढळल्याची नोंद झाली आणि पाहता पाहता ते देशभर पसरले. त्यानंतर त्वचारोगतज्ज्ञांकडे एक निराळाच त्रास घेऊन रुग्ण येऊ लागले. पापण्या सुजलेल्या, डोळ्यांभोवतीची त्वचा जाड, काळसर आणि खाजरी, मानेवर व कोपराच्या लवणीत तसेच चट्टे. डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅल्नन या परदेशी तज्ज्ञांसह १९७४ मध्ये या विकारावर शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि गाजर गवतामुळे होणाऱ्या त्वचादाहाकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले.

या तणातील पार्थेनिन हे द्रव्य अनेकांना बाधते. त्यासाठी रोपाला हात लावण्याचीही गरज नसते. वाळलेल्या रोपाचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर उडतात आणि पापणीच्या घडीत जाऊन बसतात. येथे एक खूण उपयोगी पडते. निव्वळ उन्हामुळे झालेला दाह वरच्या पापणीची घडी, हनुवटीखालचा भाग आणि कानामागची जागा सहसा सोडून देतो, कारण तेथे सावली असते. हवेतून येणारे कण मात्र या सावलीच्या जागाही सोडत नाहीत. त्यामुळे पापण्या आणि कानामागची त्वचा एकाच वेळी खाजू लागली, तर संशय हवेतील कणांवर घ्यावा.

पाऊस सरल्यानंतर रस्त्याकडेला, पडीक रानात आणि शहरातील मोकळ्या भूखंडांवर हे तण माजते. ते फुलावर येण्यापूर्वी उपटावे. उपटताना हातमोजे घालावेत, तोंडाला कापड बांधावे आणि नंतर हात-तोंड धुऊन कपडे बदलावेत. ज्यांना एकदा त्याची बाधा झाली आहे, त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

शेतीच्या कामात अन्य काही गोष्टीही डोळ्यांशी येतात. जतसह सांगलीच्या पूर्व भागात द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागा आहेत, बेदाणाही तयार होतो. द्राक्षावरील भुरी रोगासाठी गंधकयुक्त औषधे वापरतात, तर बेदाण्याचा रंग राखण्यासाठी गंधकाची धुरी देतात. गंधकाची भुकटी आणि धूर डोळ्यांना व पापण्यांना झोंबतो. फवारणी करताना कडेने बंद असणारा चष्मा वापरणे आणि हात धुतल्याखेरीज डोळ्यांना बोट न लावणे, एवढ्याने बराच त्रास टळतो.

घरातील अपराधी

शहरवासीयांना गाजर गवत वा गंधक दूरचे वाटेल. परंतु त्यांच्या घरातही असे अपराधी असतात. केसांना लावलेला काळा रंग किंवा रसायन मिसळलेली काळी मेंदी डोक्यावर राहते, पण सूज येते ती पापण्यांवर. नखांना लावलेल्या रंगाची ॲलर्जी बोटांना न होता पापण्यांना होते, कारण दिवसभर तीच बोटे डोळ्यांजवळ जातात. भेसळीचे कुंकू, सुगंधी फवारे, खोट्या पापण्यांचा डिंक आणि मेकअप पुसण्याचे द्रव यांचाही या यादीत समावेश होतो. पापण्या वारंवार खाजत असतील, तर नवे क्रीम आणण्यापूर्वी मागील आठ-पंधरा दिवसांत कोणती वस्तू नव्याने वापरात आली, याची आठवण करावी.

काजळाविषयीही सावध राहणे इष्ट. काही सुरम्यांमध्ये शिशाचे संयुग असते आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक ठरते. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत बोटाने काजळ घालण्याची प्रथा प्रेमापोटी पाळली जात असली, तरी तिच्यामुळे डोळा मोठा होत नाही. जंतुसंसर्गाचा धोका मात्र वाढतो. दृष्ट लागू नये अशी आजीची इच्छा असेल, तर तीट तळपायाला लावावी. डोळ्यांत काही घालू नये.

मलमाची चूक दृष्टीवर

खाजणाऱ्या पापणीवर बहुतेकदा पहिला उपाय होतो तो घरात पडून असलेल्या मलमाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावे असलेली ही मलमे स्टिरॉइड वर्गातील असतात. लावताच खाज थांबते, लाली उतरते, त्वचा उजळही भासते. त्यामुळे ती गोरेपणासाठीही वापरली जातात. भारतातील अनेक केंद्रांत मिळून झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी असलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्यावर स्टिरॉइड मलम लावत असल्याचे आढळले होते.

पापणीवर असे मलम दीर्घकाळ लावल्यास आधीच पातळ असलेली त्वचा आणखी विरळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मलम थांबविताच लाली दुप्पट जोमाने परतते. खरा धोका त्याहून खोल आहे. औषध पापणीतून झिरपून डोळ्यापर्यंत पोहोचते. त्यामुळे काहींच्या डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही बळावू शकतो. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया आहे. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. शिवाय हा दाब बहुधा वेदनेवाचून वाढतो, त्यामुळे रुग्णाला त्याची जाणीव उशिरा होते.

केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अधिसूचना काढून बाहेरून लावण्याच्या १४ स्टिरॉइड औषधांची सवलत काढून घेतली आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या अनुसूची ‘एच’मध्ये आणली. नियम झाला, तरी जुनी अर्धवट वापरलेली नळी घराघरांत असतेच. त्यातच जतसारख्या ठिकाणाहून मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे ऐंशी किलोमीटरवर. तज्ज्ञ दूर आणि मलम हाताशी, अशा वेळी मोह होणे स्वाभाविक आहे. म्हणूनच नळीवरील औषधाचे नाव वाचण्याची सवय लावून घ्यावी. कित्येक महिने असे मलम लावले असल्यास ते मनाने एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांतील दाब तपासून घ्यावा.

काळी वर्तुळे : कारण ओळखावे

डोळ्यांखालच्या काळेपणाचे खापर सहसा जागरणावर फोडले जाते. प्रत्यक्षात त्याची कारणे अनेक असतात. कित्येक घराण्यांत हा काळेपणा वारशानेच येतो. काहींच्या पातळ त्वचेखालून रक्तवाहिन्यांचा निळसरपणा दिसतो. काहींना ॲलर्जीची खाज असते आणि सतत चोळल्याने तेथे रंगद्रव्य साचते. वयानुसार डोळ्याखाली खोलगट रेषा पडते. तिची नुसती सावलीही वर्तुळासारखी भासते. आरशापुढे चेहऱ्यावर समोरून भरपूर उजेड घेतल्यास काळेपणा नाहीसा झाला, तर ती सावली समजावी. सावलीवर कोणतेही क्रीम चालत नाही.

रक्तक्षयाचाही विचार करावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या होत्या. काळी वर्तुळे म्हणजे रक्तक्षयच, असे नाही; तथापि जोडीला थकवा, धाप आणि फिकटपणा असेल, तर महागड्या डबीपेक्षा हिमोग्लोबिनची तपासणी आधी करावी.

नित्याची निगा

या त्वचेची रोजची निगा साधी असावी. चेहरा धुताना डोळ्यांभोवती साबण टाळावा, कोमट वा साधे पाणी वापरावे आणि मऊ कापडाने न घासता टिपून घ्यावे. धूळ गेल्यास डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा. कोरडेपणा असेल, तर रात्री अनामिकेने सुगंधविरहित साधे मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर डोळ्यांच्या हाडाच्या कडेने लावावा. अनामिकेचा दाब हलका पडतो, म्हणून ती योग्य. काजळ व मेकअप झोपण्यापूर्वी न चुकता काढावा.

उन्हासाठी रुंद काठाची टोपी, पदर, छत्री आणि अतिनील किरण अडविणारा गॉगल हे उत्तम. केवळ काळ्या काचेचा स्वस्त गॉगल घेऊ नये. अंधारामुळे बाहुली रुंदावते आणि किरण अडले नाहीत, तर ते अधिकच आत जातात. या भागासाठी झिंक ऑक्साइडयुक्त सनस्क्रीन तुलनेने कमी झोंबते. सुरकुत्यांसाठीची रेटिनॉलयुक्त क्रीम तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच वापरावीत. गरोदरपणी ती वर्ज्य आहेत. काकडीच्या चकत्यांनी थंडावा मिळतो, तेवढाच त्यांचा गुण. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट मात्र डोळ्यांजवळही नेऊ नये.

दिरंगाई नको

काही लक्षणे घरगुती उपायांची वाट पाहत नाहीत. ताप, वेदना, लाल सूज आणि डोळा हलविताना दुखणे अशी लक्षणे एकत्र दिसली, विशेषतः लहान मुलात, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सकाळी पापण्या फुगणे, पायांवर सूज आणि लघवीला फेस येत असल्यास मूत्रपिंडाची तपासणी हवी. आतल्या कोपऱ्यात पिवळसर चट्टे उठल्यास कोलेस्टेरॉल पाहावे. आणि उतारवयात त्याच जागी पुन्हा पुन्हा येणारी रांजणवाडी कधीही साधी समजू नये. पापणीतील तेलग्रंथींचा कर्करोग रांजणवाडीच्या रूपात फसवू शकतो आणि पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतीयांत त्याचे प्रमाण अधिक दिसते.

जतच्या माळावरील पटका आणि पदर शतकानुशतके हेच करीत आले आहेत. ते काही लावत नाहीत, ऊन आणि धूळ तेवढी दूर ठेवतात. अर्ध्या मिलिमीटरच्या या आवरणाची बहुतांश काळजी त्यातच सामावलेली आहे.