घाटातला पिवळा दिवा

श्रावणातला रविवार होता. वेरूळला एका शाळेत कविसंमेलन होते आणि मागच्या सीटवर माझी थोरली आपा बसली होती. दौलताबादच्या तटाचा चिंचोळा दरवाजा ओलांडला आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली. घृष्णेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या गाड्यांची रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. मी हेडलाइट, वायपर, एसी, सगळे चालू केले. खुलताबाद मागे टाकून वेरूळच्या उताराला लागलो, तोच समोर एक पिवळा दिवा पेटला. स्टीअरिंगचे चित्र आणि बाजूला उद्गारचिन्ह! त्याच क्षणी स्टीअरिंग असे जड झाले, की जणू कुणी ते पलीकडून धरून ठेवले आहे. आपा म्हणाली, "काय रे, गाडी रुसली का?"

अशा वेळी पहिली गोष्ट ही, की घाबरू नये. पॉवर स्टीअरिंग बंद पडले तरी स्टीअरिंग आणि चाके यांची लोखंडी जोडणी शाबूत असते. गाडी वळते, फक्त दंडाचा जोर लागतो, आणि वेग कमी असेल तर जास्तच लागतो. जुनी अँबेसिडर चालवलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. दुसरी गोष्ट, पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची जी खोड आपल्याकडे आहे, ती अशा वेळी जिवावर बेतू शकते. इंजिन बंद झाले की ब्रेकची मदत जाते, आणि किल्ली काढली तर स्टीअरिंग चक्क कुलूपबंद होते. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू खाली आणली आणि सपाटीला कडेला लावली. किल्ली बंद केली, पाच मिनिटांनी पुन्हा चालू केली. दिवा गायब! कविसंमेलन पार पडले. कविता कशा झाल्या, ते मात्र विचारू नका.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. त्यांनी दहा मिनिटांत निकाल दिला, की अख्खा स्टीअरिंग कॉलम बदलावा लागेल, पन्नास हजारांच्या आसपास खर्च येईल. तेवढेच पैसे मी माझ्या कवितासंग्रहाच्या छपाईसाठी बाजूला ठेवले होते. दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या जुन्या मिस्त्रीकडे गेलो.

त्यांनी बॉनेट उघडण्याआधीच विचारले, "भाईजान, दिवा पेटला तेव्हा काय काय चालू होते?" मी यादी सांगितली. ते हसले.

त्या हसण्याचा अर्थ कळायला ही यंत्रणा समजून घ्यायला हवी. पूर्वीचे पॉवर स्टीअरिंग तेलावर चाले. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने ते 1926 साली चालवून दाखवले आणि 1951 साली क्रायस्लरच्या गाडीतून ते बाजारात आले. त्यात इंजिनचा पट्टा पंप फिरवतो आणि तेलाचा दाब चाके वळवायला मदत करतो. तिथे बिघाड शोधायचा तर तेलाची बाटली पाहायची, पट्टा सैल आहे का ते पाहायचे, पंप कण्हतो का ते ऐकायचे. आजच्या लहान गाड्यांत मात्र तेल नसतेच, त्यामुळे बाटली शोधत बसू नये. 1988 मध्ये सुझुकीने आपल्या सर्वो गाडीत विजेवर चालणारे स्टीअरिंग आणले आणि आता तेच सर्रास दिसते. स्टीअरिंगच्या दांड्यात एक बारीक सळई असते. आपण स्टीअरिंग फिरवले की ती किंचित पिळली जाते. किती पिळली ते सेन्सर मोजतो, छोटा संगणक गाडीचा वेग पाहतो आणि मोटरला हवी तेवढी वीज देतो.

ही मोटर विजेची मोठी भुकेली. गाडी सावकाश आणि वळण मोठे, तेव्हा तिला सर्वांत जास्त वीज लागते. पण नेमके तेव्हाच इंजिन मंद फिरत असते आणि अल्टरनेटर कमी वीज बनवतो. त्यात माझे हेडलाइट, वायपर, एसी. बॅटरी कमजोर असेल तर व्होल्टेज पडते, संगणक मोटरची मदत थांबवतो आणि दिवा पेटवतो. कॉलम बिचारा निर्दोष असू शकतो.

मिस्त्रींनी मीटर लावला. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट दिसायला हवेत, माझ्या बॅटरीवर 12.1 होते. इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा हवेत, माझ्याकडे सगळे चालू केल्यावर तेरासुद्धा नव्हते. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती. त्यांनी ती गरम पाण्याने धुतली, घासली, क्लॅम्प आवळला, बॉडीला जोडलेली अर्थची वायर काढून तिचे टोकही साफ केले. फ्यूज तपासला. आकडा 14.1 वर गेला. काही जण इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासतात. तसे करू नका, संगणक जळू शकतो.

वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरत नेले आहे. मिस्त्रींची रीतही तीच, वरची बॅटरी आधी, खालचा कॉलम शेवटी. व्होल्टेज ठीक असूनही दिवा राहिला, तर मग स्कॅनर लावून कोड वाचावा. स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनचेच कोड वाचतात, स्टीअरिंगचे नाही, हे आधी विचारून घ्यावे. सेन्सर बिघडलेला असू शकतो, वायरिंगचा जोड ओला झालेला असू शकतो. अरुंद जागेत स्टीअरिंग पुन्हा पुन्हा टोकापर्यंत फिरवले तर मोटर तापूनही मदत कमी होते, थंड झाली की पूर्ववत होते. दिवा लाल असेल तर मात्र गाडी पुढे नेऊ नये.

माझी गोष्ट तिथेच संपली नाही. दोन आठवड्यांनी पहाटे गाडी चालू करताना दिवा पुन्हा पेटला. बॅटरी चार वर्षांची झाली होती, ती बदलली. तेव्हापासून दिवा शांत आहे.

कवितासंग्रह छापून आला तेव्हा पहिली प्रत मिस्त्रींना नेऊन दिली. त्यांनी ती कपाळाला लावली, तेलाचे हात पुसून नीट कपाटात ठेवली आणि विचारले, "नव्या बॅटरीवर तारीख लिहून ठेवली का?" मी लिहिली नव्हती.